मदत हवी आहे: ठेकेदाराबरोबरच्या करारात हप्ते आणि जादा काम कसे लिहावे?

नमस्कार. स्वतःच्या प्लॉटवर एकमजली घर बांधायचे ठरले आहे. नकाशे आणि आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या कामाची) ड्रॉइंग्ज तयार आहेत, आणि मटेरियलसह चौरस फुटाच्या दराने काम करणारे ठेकेदारही ठरले आहेत. त्यांनी बांधलेली घरे आम्ही आतून-बाहेरून पाहिली, तिथल्या मालकांशी बोललो, त्यामुळे कामाच्या दर्जाबद्दल शंका नाही. अडचण आहे ती त्यांनी सहीसाठी पाठवलेल्या मसुद्याची. त्यात दर, एकूण रक्कम, हप्ते आणि ‘काम उत्तम प्रतीचे करून दिले जाईल’ या वाक्यापलीकडे फारसे काही नाही.

हप्ते असे आहेत: करार करताना २० टक्के, पाया सुरू करताना २५, स्लॅबचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा) सुरू करताना ३०, गिलावा सुरू करताना २० आणि ताबा देताना ५. प्रत्येक हप्ता कामाच्या सुरुवातीला असल्यामुळे स्लॅबचे काँक्रीट पडण्याआधीच आमची ७५ टक्के रक्कम गेलेली असेल, आणि गिलावा, नळकाम, वायरिंग, फरशी, दारे-खिडक्या, रंग एवढी सगळी कामे उरलेल्या २५ टक्क्यांत व्हायची राहतील. काम मध्येच थांबले तर दुसरा ठेकेदार आणण्याइतके पैसे आमच्याजवळ नसतील, ही माझी मुख्य काळजी आहे. मात्र माल आणायला त्यांनाही हातात पैसा लागतो, आणि तो अडवून काम रखडावे अशी आमची इच्छा नाही.

दुसरा प्रश्न जादा कामाचा. ‘नकाशाबाहेरील काम जादा धरले जाईल’ असे एकच वाक्य आहे. त्याचा दर कोणी आणि केव्हा ठरवायचा, हे लिहिलेले नाही. पायाची खोली त्यांनी तोंडी पाच फूट धरली आहे. कठीण थर त्याहून खाली लागला तर जास्तीची खोदाई, काँक्रीट आणि सळई जादा धरणार, हे समजू शकते. पण तो चार फुटांवरच लागला तर रक्कम कमी होणार का, याबद्दल मसुद्यात एक शब्दही नाही. शिवाय पोर्च, जिन्यावरची खोली आणि छज्जे मोजमापात पूर्ण धरायचे, अर्धे धरायचे की धरायचेच नाहीत, हेही स्पष्ट नाही. ही कलमे दोन्ही बाजूंना मान्य होतील अशी कशी लिहावीत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी साइट इंजिनिअर म्हणून काम करते. आपली काळजी रास्त आहे. आगाऊ रक्कम अजिबात न देणे व्यवहार्य नसते, पण ती ५ ते १० टक्क्यांत ठेवावी आणि पुढच्या बिलांतून थोडी थोडी वळती करून घ्यावी. बाकीचे हप्ते ‘सुरू करताना’ऐवजी ‘पूर्ण झाल्यावर’ असे लिहावेत आणि पूर्ण म्हणजे काय तेही लिहावे; उदाहरणार्थ, जोत्याचा हप्ता आतली भरणी पाणी मारून, धुमस करून (ठोकून घट्ट बसवून) झाल्यावरच देय होईल. हप्ते लहान आणि संख्येने जास्त ठेवले की ठेकेदाराकडे पैसा वरचेवर येतो आणि आपली जोखीम एका टप्प्यापुरतीच राहते. हे कारण समजावून सांगितले तर चांगला ठेकेदार सहसा अडून बसत नाही.

झाकल्या जाणाऱ्या कामाकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण काँक्रीट पडले की सळई पुन्हा दिसत नाही. सळईचा व्यास, अंतर आणि कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर ठेवणारे ठोकळे) तपासून आरसीसी डिझायनरने सही दिल्याशिवाय काँक्रीट करू नये आणि तसे केल्यास तो हप्ता देय होणार नाही, असे कलम घालावेच. काँक्रीटची ताकद १५० मिलिमीटरच्या क्यूबवर (त्याच काँक्रीटच्या घनाकृती नमुन्यावर) २८ दिवसांनी पाहतात. स्लॅबच्या हप्त्याचा लहानसा भाग त्या अहवालानंतर देण्याचे ठरवावे आणि चाचणीचा खर्च कोणाचा तेही लिहावे.

जादा कामासाठी करारालाच दरपत्रक जोडावे: खोदाई आणि काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर, गिलावा चौरस मीटरवर. हेच दर काम वाढले तर जमेला आणि घटले तर वजावटीला लागू राहतील, असे स्पष्ट लिहिले की आपला चार फुटांचा प्रश्न सुटतो. सळईच्या वजनावरून पुष्कळ वाद होतात. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की मीटरमागे किलो मिळतात, म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते. हे सूत्र दरपत्रकाखाली लिहून ठेवावे. क्षेत्रफळासाठी नकाशाची एक प्रत घेऊन मोजायचा भाग रंगवावा, त्यावर आकडे घालावेत आणि दोघांनी सह्या कराव्यात. शब्दांत व्याख्या करत बसण्यापेक्षा हे सोपे पडते.

प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवावेत आणि ताब्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, गळती व ओल तपासून, ते परत करावेत.

धागाकर्ता

मनापासून आभार. रंगवलेल्या नकाशाची सूचना ठेकेदारांनी लगेच मान्य केली आणि हप्ते लहान करायलाही ते तयार आहेत. जादा कामाचे कलम मी असे लिहिले आहे: ‘नकाशात किंवा परिमाणांत होणारा कोणताही बदल, त्याची रक्कम आणि त्यामुळे वाढणारे दिवस नमूद केलेल्या चिठ्ठीवर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्याशिवाय त्या बदलाचे काम सुरू होणार नाही, आणि अशा चिठ्ठीशिवाय केलेल्या कामाची रक्कम देय राहणार नाही.’ पाया खोदताना अचानक पाणी लागले तर सह्यांसाठी थांबणे शक्य होणार नाही. अशा तातडीच्या कामासाठी मोबाइलवरचा संदेश पुरेसा मानावा का, आणि मानला तर चिठ्ठी किती दिवसांत व्हावी असे लिहावे?