सल्ला हवा: टेम्पररी क्राउन (दातावरची तात्पुरती टोपी) शिकवताना सेल्फ-क्युअर (पावडर-लिक्विड मिसळून आपोआप घट्ट होणारं अॅक्रिलिक) द्यावं की बिस-अॅक्रिल (तयार मिसळून येणारं रेझिन)?

प्रीक्लिनिकल_टेबल: बीडीएसची २० जणांची बॅच, टायपोडॉन्टवर (सरावाच्या नकली जबड्यावर) ३६ चा (खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा) टेम्पररी क्राउन, वेळ दोन तास. बहुतेकांचं मार्जिन (क्राउनची कड) आखूड येतं, नाहीतर क्राउन दातावर अडकून बसतो. मटेरियल कोणतं द्यावं आणि लक्ष नेमकं कुठे ठेवावं?

पुटीवाला: आधी सेल्फ-क्युअरच. बिस-अॅक्रिल टिपमधून (नळ्यांना लावायच्या मिसळणाऱ्या टोकातून) मिसळूनच येतं, मटेरियल कधी घट्ट व्हायला लागतं ते बोटांना कळत नाही. शिवाय दर वेळी एक टिप वाया.

पुटी इंडेक्स (दातांचा पुटीतला ठसा) प्रेपच्या (दात कापण्याच्या) आधी घ्या, त्यात शेजारचे ३५ आणि ३७ आलेच पाहिजेत, नाहीतर परत बसवताना टेकू मिळत नाही. दातांच्या फटींत शिरलेले पुटीचे पातळ पडदे ब्लेडने कापून टाका. ते राहिले की इंडेक्स पूर्ण बसत नाही आणि क्राउन हाय (उंच) येतो. प्रेप आणि शेजारच्या दातांना व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. थर जाड झाला तर मार्जिन उमटत नाही.

पावडर-लिक्विड मापाने ३:१. डॅपन डिशमध्ये आधी लिक्विड, मग पावडर भुरभुरायची. तारा सुटून चकाकी जायला लागली की इंडेक्समध्ये कस्पच्या (दाढेच्या उंचवट्यांच्या) खळग्यांपासून वर भरत यायचं, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत.

मोनोमर: क्राउन अडकतो तो काढायची वेळ चुकल्यामुळे. थोडं मटेरियल डिशच्या कडेला गोळी करून ठेवायला सांगा. प्रोबने दाबल्यावर खळगा पडून परत भरतोय, म्हणजे रबरासारखी अवस्था आली. तेव्हा क्राउन काढायचा, कात्रीने फ्लॅश (बाहेर आलेलं जादा मटेरियल) कापायचा, दोन-तीनदा वर-खाली करायचा आणि पुढचं सेटिंग दाताबाहेर. आधी काढला तर ताणला जातो, उशीर झाला तर शेजारच्या दातांच्या अंडरकटमध्ये (आत वळलेल्या भागात) कुलूप लागतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा: तोंडात ऊब असते, तिथे क्राउन आधी घट्ट होतो आणि डिशमधली गोळी मागे राहते. आणि टायपोडॉन्टला पल्प (दातातला जिवंत गाभा) नाही, त्यामुळे सेट होताना निघणारी उष्णता मुलांच्या लक्षातच येत नाही. पाण्याचा फवारा मारायची सवय इथेच लावा. विदर्भात मे महिन्यात प्रॅक्टिकल असेल तर लिक्विड गार करून वापरा, नाहीतर इंडेक्स भरेपर्यंत गोळा होतो.

प्रीक्लिनिकल_टेबल: आणि आखूड मार्जिन?

पुटीवाला: अॅक्रिलिक आकसतं, थोडं आखूड येणारच. रीलाइन शिकवा, नवा क्राउन नको. आतली बाजू अर्धा मिमी घासून खडबडीत करा, मोनोमर (तेच लिक्विड) लावा, पातळ मिक्स भरून परत बसवा. सेट झाल्यावर मार्जिन आतून टोकदार पेन्सिलने आखा आणि बाहेरून रेषेपर्यंतच बर (ड्रिलचं टोक) चालवा. मुलं रेषेवरच बर नेतात, मग सगळी मेहनत पुन्हा आखूड!

मोनोमर: पॉलिशच्या आधी गेजने ऑक्लूजल (चावायच्या बाजूची) जाडी मोजून घ्या. फंक्शनल (चावताना भार घेणाऱ्या) कस्पवर १.५ मिमी हवी. इंडेक्स नीट बसलेला असून १ मिमीच भरली, तर प्रेपच कमी कापलंय. क्राउनवर गुण कापू नका, बर परत हातात द्या. चकाकीला दहातले दोनच गुण ठेवा, नाहीतर सगळा वेळ प्युमिसवर (पॉलिशच्या पुडीवर) जातो.

पुटीवाला: +१. बिस-अॅक्रिल शेवटच्या अर्ध्या तासात एकच डेमो करून दाखवा. टिप लावण्याआधी दोन्ही नळ्यांतून मटेरियल समान येतंय ना ते बघा. सेट झाल्यावर वरचा चिकट थर अल्कोहोलने पुसायचा असतो. मुलं तो कच्चा राहिला समजून क्राउन फेकून देतात.