जपानमध्ये सायकलिंग: शिमानामी काइदो एका दिवसात करावं की दोन?

मुलुंडची_सायकल
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्रमैत्रिणी, सगळे मुलुंड-ठाण्याचे, रविवारी पहाटे येऊर नाहीतर घोडबंदर रोड करणारे. दिवाळीनंतर नोव्हेंबरात दहा-बारा दिवस जपानला जायचं नक्की केलंय. क्योतो आणि हिरोशिमा बघायचंच आहे, पण खरा जीव अडकलाय तो शिमानामी काइदोमध्ये. ओनोमिची ते इमाबारी, साधारण 70 किमी, सहा बेटं आणि मधले समुद्रावरचे पूल. आपल्याकडे सी लिंक घ्या की अटल सेतू, सायकलला बंदीच, त्यामुळे पुलावरून समुद्र ओलांडायची ही इच्छा फार जुनी आहे.
आता गाडं असं अडलंय की ग्रुपमधले दोघं म्हणतात 70 किमी काय, एका दिवसात होतं, वाचलेल्या दिवसात तोक्यो करू. मला ते पटत नाहीये. एक मैत्रीण गुडघ्याच्या दुखण्यातून नुकती बरी झालीये. आणि दोघं शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही नाही. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

दादरचा_पॅडल
दोन दिवस. यात दुसरा विचारच करू नका. तुम्ही घोडबंदर करता म्हणजे 70 किमी जड नाही, पण नोव्हेंबरात तिकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे लोक विसरतात. ओनोमिचीहून मुकाइशिमाला आधी फेरीने जायचं, आपल्या मार्वे-मनोरीसारखी, सायकलसकट चढायचं आणि पाचेक मिनिटांत पलीकडे. म्हणजे निघेनिघेपर्यंत नऊ वाजतात, मग फोटो, मग जेवण, आणि सगळ्यात भारी जो पूल आहे कुरुशिमा काइक्योचा, एकापाठोपाठ एक तीन झुलते पूल मिळून चार किलोमीटर, तो पार शेवटी इमाबारीच्या तोंडाशी येतो. एका दिवसात करणाऱ्यांना तो अंधारात नाहीतर धापा टाकत करावा लागतो. तेवढ्यासाठी मुंबईहून जायचं का, तुम्हीच सांगा.
पहिल्या दिवशी इकुचिजिमावरच्या सेतोदाला मुक्काम करा, साधारण 30 किमी होतात. एका उद्योजकाने आईच्या आठवणीत बांधलेलं कोसानजी मंदिर तिथेच आहे, मागे पांढऱ्या इटालियन संगमरवराची अख्खी टेकडी. दुसऱ्या दिवशी सकाळी तातारा पूल. 1999 साली झालेला, मधला गाळा 890 मीटरचा. त्याच्या मनोऱ्याच्या बुडाशी थांबून जोरात टाळी वाजवा, आवाज दोन खांबांमध्ये आपटत आपटत वर चढत जातो, अंगावर काटा येतो खरंच. उलट इन्नोशिमाच्या पुलावर सायकलचा रस्ता गाड्यांच्या खालून, जाळीतून जातो आणि डोक्यावर ट्रक धडधडत असतात. प्रत्येक पूल वेगळा आहे म्हणून तर घाई नको.
रस्ता चुकायची भीती नाही, कडेने निळी रेघ आखलेली आहे आणि अंतरंही लिहिलेली आहेत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

पार्ल्याची_सुगरण
खाण्याचं मी सांगते, कारण मीही अंडं न खाणारी आहे. तिथे मांस नको म्हटलं की मासे येतात, आणि मासे नको म्हटलं तरी दाशी असतेच. दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ माशाचं पाणी, ती मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्शात, भाजीत, सगळीकडे. त्यामुळे निकु (मांस), साकाना (मासे), तामागो (अंडं), दाशी हे चारही चालत नाही असं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. दुकानातली उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेला आलुबुखार भरलेला भाताचा गोळा, तीसुद्धा पाकिटावर कॅमेरा धरून, ट्रान्सलेट करून घ्या, काहींत कात्सुओचा अर्क असतो. ओनोमिची रामेन फार प्रसिद्ध आहे पण त्यात डुकराची चरबी तरंगत असते, ती तुमच्या मांसाहारी मंडळींनीच खावी.
पण उपाशी राहाल असं मुळीच नाही हं. इन्नोशिमाला हास्साकू दाइफुकू नक्की खा, मऊ मोचीच्या आत पांढऱ्या घेवड्याचं गोड सारण आणि मधोमध हास्साकू नावाच्या आंबटकडू संत्र्याची सोललेली फोड, चावलं की रस तोंडात फुटतो, सायकलवरून उतरल्यावर तर काय लागतं म्हणून सांगू. सेतोदा लिंबांचं गाव आहे, तिथलं लिंबाचं जेलातो घ्या, फक्त अंडं आहे का ते विचारून. क्योतोला आराशियामाच्या तेनर्यूजी देवळात शोजिन र्योरी मिळतं, बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, तो एक दिवस त्या दोघांसाठी राखून ठेवाच. बरोबर मेतकूट, चटणी, थेपले न्या. ताजी फळं आणि मांसाचा कुठलाही पदार्थ बॅगेत नको, विमानतळावर अडवतात.

ठाणे_खाडी
दादरच्या दादांशी बव्हंशी सहमत, पण तुमचे ते दोघं अगदीच चुकीचे नाहीत. पहाटे निघून फक्त सायकलच चालवायची असेल तर एका दिवसात आरामात होतं. ग्रुप मिसळीचा आहे म्हणून मीही दोनच म्हणेन. गुडघ्याचं फार टेन्शन घेऊ नका, पुलांवर चढायचे रॅम्प मुद्दाम सौम्य ठेवलेत, साधारण तीन टक्के चढ. तरी ताईंना ई-बाइक घ्या, फक्त ती दुसऱ्या टोकाला परत देता येते का हे बुक करतानाच विचारा. नाहीच जमलं तर सेतोदाहून ओनोमिचीला बोट आहे, ती परत येऊ शकते.
मोठ्या बॅगा ओनोमिचीच्या हॉटेलातून ताक्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, दोन दिवसांचे कपडे तेवढे पाठीवर. आणि तोक्यो सोडा हो, ओसाकाला उतरा आणि ओसाकाहूनच परत या. वाचलेला दिवस इमाबारीहून ट्रेनने मात्सुयामाला घाला, तिथे दोगो ओनसेन हे गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह आहे, 1894 ची लाकडी इमारत, पाय भरून आलेले असताना त्या गरम पाण्यात बसायचं. अंगावर टॅटू असेल तर तिथले नियम बघून घ्या.
एक कळकळीचं सांगणं, जेवताना बीअर घेतली तर त्या दिवशी सायकलला हात लावू नका. नोव्हेंबर 2024 पासून सायकलवर फोन आणि दारू दोन्हीसाठी कायदा कडक झालाय, थेट तुरुंगवासापर्यंत.

मुलुंडची_सायकल
मनापासून आभार सगळ्यांचे! ग्रुपवर हे सगळं टाकलं, पाचचा सूर्यास्त वाचून ते दोघंही गप्प झाले आणि तोक्यो रद्द झालं. सेतोदाला मुक्काम, मग मात्सुयामा. शाकाहारी दोघं विचारतायत की सेतोदाच्या र्योकानमध्ये (पारंपरिक जपानी सराईत) रात्रीचं जेवण सांगून बदलून मिळेल का, की खोली जेवणाशिवाय घ्यावी?

पार्ल्याची_सुगरण
जेवणाशिवायच घ्या. छोट्या ठिकाणी आयत्या वेळी बदल करत नाहीत आणि दाशी वगळणं त्यांना खरंच अवघड जातं. गरम पाण्याची किटली खोलीत आहे ना तेवढं विचारा, रेडी टू ईट पोहे-उपमा न्या. आणि गावातली दुकानं लवकर बंद होतात, संध्याकाळचं सामान सहाच्या आत घेऊन ठेवा.