जॉर्ज लॅन्सबरींनी पॉपलरमध्ये केलं ते योग्य होतं का?

मुळाकाठ: पूर्व लंडनमधलं पॉपलर म्हणजे गोदी कामगारांची वस्ती. १९२१ मध्ये मंदीने कामं बंद पडली. बेकारांच्या मदतीचा खर्च तेव्हा ज्या त्या बरोने (लंडनमधल्या स्थानिक पालिकेने) स्वतःच्या घरपट्टीतून काढायचा. म्हणजे बेकार जिथे जास्त, घरपट्टीही तिथेच जबर, आणि श्रीमंत वेस्ट एंड मोकळा. वर लंडन काउंटी कौन्सिलचा, म्हणजे सगळ्या लंडनच्या कारभाऱ्यांचा, वाटा वसूल करून द्यायचा तो वेगळाच. लेबर (मजूर) पक्षाचे लॅन्सबरी ज्या पॉपलर पालिकेत होते तिने तो वाटा वसूल करायलाच नकार दिला आणि कोर्टाचा हुकूमही मानला नाही म्हणून लॅन्सबरींसह ३० नगरसेवक तुरुंगात गेले. पुढे लॅन्सबरी मंत्री झाले, १९३२ ते ३५ लेबर पक्षाचे नेते झाले, तरी माझ्या मते त्यांची खरी कामगिरी हीच. तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा: साफ असहमत. निवडून आलेल्यांनीच कोर्टाचा हुकूम धुडकावला तर उद्या प्रत्येक पालिका नको तो कर बुडवेल. हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन लेबरचेच, तरी या बंडाच्या विरोधात होते. १९३४ मध्ये लेबरने लंडन काउंटी कौन्सिल जिंकली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली, मतपेटीतून.

चाफेकळी: १९३४ पर्यंत कळ काढा, हे १९२१ मधल्या उपाशी पोरांना कोण सांगणार होतं? हायकोर्टावर मोर्चा नेला तेव्हाच पॉपलरच्या नगरसेवकांच्या फलकावर लिहिलं होतं की आम्ही हायकोर्टात चाललोय आणि बहुधा तुरुंगात. पळ काढला नाही, शिक्षा भोगली. पालिकेच्या सभा ब्रिक्स्टन तुरुंगात भरत, आणि त्यासाठी होलोवे तुरुंगातून नगरसेविकांना गाडीने आणत. होलोवेत ठेवलेल्या पाच जणींपैकी एक गरोदर होती. लॅन्सबरींची सून मिनी सुटकेनंतर काही आठवड्यांतच, १ जानेवारी १९२२ ला वारली. वय ३२! स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या पालिकाही त्याच वाटेने निघाल्या, तेव्हा कुठे सरकार हललं. त्याच वर्षी कायदा होऊन मदतीचा बराचसा भार सगळ्या लंडनवर वाटला गेला. अर्ज-विनंत्यांनी झालं असतं हे?

सह्यकडा: कायदा झाला, मान्य. पण हाच हट्ट वरच्या पदावर महागात पडला. १९१२ मध्ये बायकांच्या मताधिकारासाठी खासदारकी सोडून पोटनिवडणूक लढवली आणि हरले. १९३५ मध्ये मुसोलिनी ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) चालून जात असताना हे इटलीवरच्या निर्बंधांच्याही विरोधात! पक्षाच्या ब्रायटनच्या अधिवेशनात कामगार नेते अर्नेस्ट बेव्हिननी झोडपून काढलं, मग नेतेपद सोडावं लागलं. १९३७ मध्ये तर शांततेसाठी हिटलरची भेट घेतली. पक्ष चालवणाऱ्याला एवढा भाबडेपणा परवडत नाही.

मुळाकाठ: हिटलरबाबत ते चुकले, त्यात वाद नाही. पण १९१२ का मोजता? ती लढाई न्याय्यच होती. मंत्री असताना त्यांनी हाइड पार्कातल्या सर्पेंटाइन तळ्यावर सर्वांसाठी पोहण्याची सोय केली, तीही पॉपलरच्याच वळणाची. आणि मतपेटीचंच म्हणाल तर १९३१ मध्ये लेबरचा धुव्वा उडाला, तेव्हा पॉपलरमधल्या बो अँड ब्रॉमली मतदारसंघाने लॅन्सबरींना पुन्हा निवडून दिलं. मॉरिसन त्याच निवडणुकीत हॅकनीत पडले.