पाणमांजराच्या विष्ठेतून डीएनए निघत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एम.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर गोव्यात, चोडण बेटावर. प्रबंधाचा विषय हौसेने घेतला: खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतली) पाणमांजरं किती, ते त्यांना न पकडता, नुसत्या विष्ठेतल्या डीएनएवरून शोधायचं. वाघ कॅमेऱ्यात पट्ट्यांवरून ओळखता येतो. पाणमांजराला पट्टे नाहीत, फोटोत सगळी सारखीच ओली आणि तपकिरी. सरांनाही विषय आवडला. आता फेब्रुवारी उजाडलाय आणि दाखवायला जवळजवळ काही नाही.

आमच्या बांधावर मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) त्यांची ठरलेली हागणदारी आहे (दुसरा शब्द सुचत नाही). अख्खा कळप तिथेच येतो. कुजक्या मासळीचा वास, खवल्यांचा चुरा, कुर्ल्यांच्या नांग्यांचे तुकडे. ऑक्टोबरपासून सुट्टीच्या दिवशी जाऊन २८ नमुने गोळा केले, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. सकाळी निळी असलेली पुडी संध्याकाळपर्यंत गुलाबी व्हायची, इतकी हवा दमट. मग घरच्या फ्रीजरमध्ये, बांगड्यांच्या शेजारी. आईने दोन दिवस अबोला धरला.

पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं; जमलं की जेलवर पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. २८ पैकी फक्त ६ नमुन्यांत तो आला. दोन सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) पाठवले. एक पाणमांजर निघालं, दुसरं चक्क काळुंदर मासा!

नमुने साठवायचे कसे? मासा कसा टाळायचा? आणि सर म्हणतात, या सिक्वेन्सवरूनच आकडा काढ. ते जमतं का? शेजारचे काका म्हणाले, फेणीत बुडवून ठेव.

– खारफुटी

रानवाट:
फेणी काकांनाच राहू द्या. तिच्यात अल्कोहोल चाळीस-बेचाळीस टक्के, उरलेलं पाणीच. ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल घ्या, विष्ठेच्या निदान तिप्पट-चौपट. एक दिवस त्यात ठेवून मग सिलिकावर वाळवायची दोन टप्प्यांची पद्धत गोरिलांच्या कामातून आली आहे, दमट हवेत ती बरी पडते. पण खरी गोष्ट ताजेपणाची. सुट्टीच्या दिवशी 'दिसेल ते' उचललंत, तिथेच निम्मा डीएनए उन्हात गेला. पहाटे जा, आणि विष्ठेपेक्षा चिकट जेलीसारखा स्राव दिसला तर तो आधी घ्या. त्यात माशाचा चोथा कमी आणि जनावराच्या पेशी जास्त.

बँड न येण्याचं दुसरं कारण पीसीआर अडवणारी द्रव्यं. पित्तातले क्षार वगैरे डीएनएबरोबर उतरतात. नमुना दहापट पातळ करून पाहा, बीएसए घाला (हे प्रथिन ती द्रव्यं धरून ठेवतं). मी एकदा महिनाभर डीएनए काढायच्या किटला शिव्या घातल्या होत्या, पातळ केल्यावर त्याच नळीत बँड आला.

जुना_जीवशास्त्री:
काळुंदर आलं कारण प्रायमर (कुठल्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे छोटे डीएनए) सगळ्या पृष्ठवंशीयांचे वापरलेत. पाणमांजरापुरते, छोट्या तुकड्याचे प्रायमर घ्या. विष्ठेतला डीएनए तुटलेलाच असतो.

आकड्याचं मात्र सरांना स्पष्ट सांगा. तुम्ही वाचलाय तो मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघराचा) डीएनए. तो आईकडून जसाच्या तसा येतो, त्यामुळे एका कळपातली आई-पिल्लं सारखीच दिसणार. जात कळेल, डोकी मोजता येणार नाहीत. त्यासाठी मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी लागतात, म्हणजे डीएनएतल्या जनावरागणिक बदलणाऱ्या खुणा, मार्कर. तिथेही अडचणी आहेत. प्रत्येक खुणेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची; त्यांची रूपं म्हणजे अॅलील. कमी डीएनए असला की दोनांपैकी एक अॅलील गळतो, आणि तेच जनावर यादीत नवीन म्हणून येतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचा पीसीआर पुन्हा पुन्हा करावा लागतो. त्यात तुमची हागणदारी सामायिक. डीएनएतल्या एकाच खुणेला तीन अॅलील दिसले तर समजा दोन जनावरांची विष्ठा मिसळली आहे, तो नमुना बाद. शिवाय सगळी एकाच कुटुंबातली, त्यामुळे वेगळी ओळखायला मार्करही जास्त लागतील. हे जूनपर्यंत होणार नाही.

माझं ऐकाल तर विषय थोडा वळवा. कुठल्या बांधावर पाणमांजराची कुठली जात, आणि ती खाते काय. मग काळुंदर ही चूक उरत नाही, निष्कर्ष ठरतो.

खारफुटी:
सर आधी म्हणाले, "मग शीर्षकातल्या 'संख्या'चं काय?" आज पंधरा मिनिटं गप्प बसून 'आहार' लिहायला तयार झाले. जुन्या नळ्या पातळ करून पाहिल्या, आणखी चार बँड आले!

रानवाट:
छान. एक विचारायचं राहिलं. तुमचा बांध चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत तर नाही ना? ते जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं आहे, पण आत विष्ठा उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते.

खारफुटी:
बांध हद्दीबाहेर आहे, तरी सरांच्या सहीचं पत्र खात्याकडे दिलंय. उद्या पहाटे पाचला इथेनॉलच्या नळ्या घेऊन जाते. आईने त्यांच्यासाठी बिस्किटांचा जुना डबा काढून दिलाय, झाकणावर मार्करने 'शी' असं लिहून.