मदत हवी आहे: सोसायटीत डिस्टेंपर, बाकीच्या कुत्र्यांना कसं वाचवायचं? (गोरेगाव पूर्व)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी आरे कॉलनीच्या जंगलाला लागून आहे. गेटजवळच्या कुत्रीची पिल्लं आता साधारण तीन महिन्यांची झाली आहेत. त्यातल्या तपकिरी पिल्लाचे डोळे चिपडांनी चिकटायला लागले, नाक गळायला लागलं, मग जुलाब. आता त्याचा जबडा काहीतरी चघळत असल्यासारखा सतत हलतो आणि झोपेतसुद्धा मागचा डावा पाय ठेक्यात उडत राहतो. डॉक्टरांनी टेस्ट केली, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य विषाणूजन्य रोग) पॉझिटिव्ह. या विषाणूवर थेट औषध नाही, त्यामुळे सलाईन, अँटिबायोटिक आणि झटक्यांची गोळी चालू आहे.

पिल्लू माझ्या बाथरूममध्ये वेगळं ठेवलंय. कोमट सलाईनमध्ये कापूस भिजवून पापण्या सोडवल्या की शेपटी हलवतं. त्याचं जे होईल ते मी बघेन, पण बाकीच्यांसाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

भावंडं वरवर ठणठणीत दिसतात. त्यांना आत्ता लस द्यावी का? सगळी एकाच कुंडीतलं पाणी पितात. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्राडोरला लहानपणी लस दिली होती, नंतर बूस्टर राहिलाय. माझ्या मांजरीला धोका आहे का?

आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे काही सभासद म्हणतात, सगळी कुत्री गाडीत घालून आरेत सोडून या. त्यांना कसं थांबवू?

प्रतिसाद

ताई, मी बोरिवलीत नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो, आमच्या गल्लीत हे होऊन गेलंय.

भावंडांना ताप नसेल तर डॉक्टरांना दाखवून लगेच लस द्या. सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन या एकत्रित लसींमध्ये डिस्टेंपरची लस असतेच. एका डोसवर थांबू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी डोस देतात. आधीच लागण झाली असेल तर मात्र लस ती थांबवणार नाही. लक्षणं दिसायला साधारण 1-2 आठवडे, कधी जास्तही लागतात, तेवढे दिवस नवीन कुत्र्यांत मिसळू देऊ नका. लॅब्राडोरचा बूस्टर या आठवड्यातच उरकायला सांगा. नसबंदीच्या वेळी भटक्यांना रेबीजची लस मिळते, तिचा डिस्टेंपरला काही उपयोग नाही.

हा रोग मुख्यतः शिंकण्या-खोकण्यातून उडणाऱ्या थेंबांनी पसरतो. लाळेतून, लघवीतूनही जातो. बरं झालेलं कुत्रंसुद्धा काही आठवडे, कधी काही महिने विषाणू बाहेर टाकतं, तेव्हा पिल्लू सावरलं तरी लगेच खाली सोडू नका. कुंडी काढून टाका, भांडी वेगवेगळी ठेवा. विषाणू बाहेर फार तग धरत नाही, ऊन आणि पातळ केलेलं ब्लीच यांनी मरतो. बाथरूम धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच पिल्लाला आत न्या. त्याचं काम झालं की कपडे बदलून, हात धुऊन मगच इतर कुत्र्यांकडे जा.

मांजरीची चिंता नको, घरच्या मांजरांना हा आजार होत नाही. मांजरांचा डिस्टेंपर म्हणतात तो वेगळाच विषाणू आहे, त्याची लस वेगळी. माणसांनाही हा होत नाही.

आरेत सोडण्याबद्दल मात्र सभेत ठामपणे बोला. तिथे बिबटे आहेत आणि ते कुत्री खातात. कुत्र्यांचा हा विषाणू मोठ्या मांजरवर्गातल्या प्राण्यांना मात्र लागतो. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, त्यात डिस्टेंपर सापडला आणि सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली. उदमांजरांनाही तो होतो. आजारी कुत्री जंगलाच्या तोंडावर नेऊन टाकणं म्हणजे रोग पोचवून येणं. शिवाय भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या 2023 च्या सरकारी नियमांप्रमाणे नसबंदी झालेली कुत्री होती तिथेच परत सोडायची असतात. हे लेखी द्या, सभासद ऐकतात.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. कुंडी काढली. सेक्रेटरींना गीरचं सांगितलं, गाडीचा विषय तूर्त थांबलाय. रविवारी सकाळी डॉक्टर खाली येऊन सगळ्यांना लस देतील. पिल्लांची आई हाताला लागत नाही. गोरेगाव-मालाड भागात कुणाकडे जाळी असेल आणि कुत्री धरायची सवय असेल तर कृपया मेसेज करा.