सीए ऑफिसमधून क्रेडिट अ‍ॅनालिस्ट (कर्जाचे अर्ज तपासणारी) व्हायचंय, मदत हवी आहे

एम.कॉम. झालंय. 3 वर्षं नागपुरात सीए ऑफिसमध्ये आहे. हिंगणा, बुटीबोरी या औद्योगिक भागांतल्या छोट्या युनिट्सचा सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे आकडे आणि अंदाज) मीच बनवते. डीएससीआर (कमाईतून कर्जाचे हप्ते कितपत फिटतील ते प्रमाण), करंट रेशो (चालू मालमत्ता आणि चालू देणी यांचं प्रमाण), उलाढालीच्या 20 टक्क्यांवर खेळतं भांडवल काढणं, हे सगळं हातचं आहे. जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट ताडूनही पाहते.

दोन इंटरव्ह्यू दिले, दोन्हीकडे एकाच ठिकाणी अडले: उलाढाल वाढतेय, पण उधारी वसूल व्हायचे दिवसही वाढताहेत, कर्ज द्यायचं का? आकडे मांडता येतात, निर्णय लिहिता येत नाही. आजवर कर्ज मागणाऱ्याच्या बाजूनेच लिहिलंय ना!

नागपूर सोडता येणार नाही, अभ्यासाला फक्त संध्याकाळ मिळते. आयआयबीएफ या बँकिंगच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा सर्टिफाइड क्रेडिट प्रोफेशनल कोर्स आधी करू, की जुन्या ताळेबंदांवर अप्रेझल नोट (कर्ज द्यायचं की नाही, त्याची कारणांसह शिफारस) लिहायचा सराव? आणि त्या नोटमध्ये तुम्ही पहिल्यांदा काय बघता?