मदत हवी आहे: खोक्याला कापड लावल्यावर झाकण बसत नाही

रिळं, बॉबिन, बटणं ठेवायला बुटांच्या खोक्याला सुती कापड लावतेय. आधी पांढऱ्या गमात पाणी घालून ब्रशने लावला, तर कापडावर डाग उमटले, मधे फुगे आले. दुसऱ्या खोक्याला घट्ट गम फक्त पुठ्ठ्यावर लावला आणि जुन्या एटीएम कार्डाने कापड मधून कडेला दाबत नेलं; बाजू अगदी सपाट बसल्या. पण वरच्या काठावरून कापड आत दुमडलं की झाकण अडतं. जोर लावला तर कोपरा फाटतो (एक फाटलाच!). कापड पातळच आहे, इस्त्री केलेलं. ग्लू गन नाही आणि झाकणालाही कापड हवंच आहे. काठाशी कापड न दुमडता सरळ कापलं तर दोरे सुटू नयेत म्हणून काय लावावं? की झाकणच दोन-तीन मिलिमीटर मोठं, नव्याने बनवावं?